रस्त्याच्या टोकाचं घर

तंजावूरच्या राजवाड्यामागची गल्ली सोडून आम्ही नव्या नगरात राहायला निघालो, त्या सकाळी टेंपो सुरू व्हायच्या आधी अम्मानं एकच प्रश्न विचारला. "अहो, कोल्लैचें दार कोणत्या रस्त्यावर उघडतें?" कोल्लै म्हणजे परसू. अप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी मांडीवर देव्हारा घेऊन बसले होते. ते मान न वळवता म्हणाले, "कोल्लैला दार नाहीं. कंपौंड आहे." कंपौंड हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू सरकारनं त्यांना पदवीच दिली असावी. अम्मा मागे पोत्यांवर, दगडी रगड्याला टेकून बसली आणि गल्ली संपेपर्यंत घरांच्या उघड्या दारांकडे बघत राहिली. इडलीचं पीठ वाटायचा तो रगडा उचलायला चार जण लागले होते. अप्पा म्हणत होते, द्या टाकून, आता मिक्सर आलेत. अम्मानं तो आणला म्हणून बरं झालं, कारण पुढे त्याचं काम पडलं.

गल्लीतली आमची जागा भाड्याची होती, पण घर तिथल्या सगळ्या घरांसारखंच, रुंदीला जेमतेम आणि लांबीला न संपणारं. पुढे तिन्नै, म्हणजे बसायचा ओटा, मग एकामागे एक खोल्या, मधे उघडं अंगण, विहीर, केळी, आणि शेवटी एक बुटकं दार, जे पलीकडच्या रस्त्यावर उघडायचं. त्यामुळे प्रत्येक घर ही एक वाटच होती. भर उन्हात सगळ्या रस्त्याला वळसा कोण घालणार? पुढच्या दारात उभं राहून "येत्यें हो" म्हणायचं, चपला हातात घ्यायच्या आणि सरळ चालत मागच्या दारानं बाहेर पडायचं. याचे नियम होते, ते कोणी शिकवत नसे. चुलीकडे बघायचं नाही. सोवळ्यातल्या माणसाला शिवायचं नाही. कोणी जेवत असेल तर बोलायचं नाही. शाळेला मी अशी किती तरी घरं ओलांडून जायची आणि जाता जाता आज कोणाकडे काय शिजतंय ते नाकाला कळायचं. एकीकडे रसवांगी, एकीकडे डांगर पच्चडीसाठी भाजलेले उडीद, एकीकडे नुसतीच काल उरलेली आमटी आणि त्यावरून चाललेली धुसफूस. अम्मा अंगणात काही ना काही निवडत बसायची आणि सगळं गाव तिच्यासमोरून जायचं. कोणाचं लग्न ठरलं, कोणाची सून रुसली, कोणाला कावीळ झाली, सगळं तिला बसल्या जागी मिळायचं. अर्थात ती वाट सगळ्यांनाच मोकळी नव्हती. भांडी घासणारी आणि न्हावी यांची वाट मागच्या दाराशीच संपायची. तेव्हा हे माझ्या डोळ्यांना दिसत नव्हतं, आता दिसतं.

अप्पा तालुका कचेरीत कारकून होते आणि कचेरीत दिवसभर एकाच जातीची भांडणं ऐकत, कोणाच्या बांधावरून कोण चालतं आणि किती वर्षं चालतं. वहिवाट हा शब्द ते दुसरं कोणी साप म्हणेल तसा म्हणायचे. एकदा तुमच्या जागेतून गेला तो पाहुणा, रोज गेला तो शेजारी, आणि वर्षानुवर्षं गेला तो मालक, असं त्यांचं शास्त्र होतं. घरी येऊन बघावं तर अंगणातून कोणी ना कोणी चपला हातात घेऊन चाललेलंच. ते हातपाय धुवायला विहिरीवर गेले की एखादी म्हातारी "काय, कचेरीतून आलांत काय?" म्हणून विचारून पुढे जायची. त्यामुळे या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, चारी बाजूंनी भिंत असलेलं घर.

ते त्यांना मिळालं, कारण त्या वर्षांत तंजावूरला एकदम पाय फुटले. पेपरात यायचं की देशानं दारं उघडली आहेत. आमच्याकडे त्याचा अर्थ असा झाला, की मेडिकल कॉलेजच्या बाजूला जिथे काल भात डोलत होता तिथे आज पिवळे-पांढरे दगड रोवलेले दिसायचे आणि उद्या एक सिमेंटची कमान. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ आले, गच्चीगच्चीवर केबलच्या तारा आल्या, आणि ज्याला त्याला नगरात प्लॉट हवासा झाला. पण ही नगरं वाढली कशी ते ऐका. एकानं हमरस्त्यालगतचं शेत घेतलं, हमरस्त्यापासून आत एक रुंद सरळ रस्ता आखला आणि आपली जमीन संपली तिथे रस्ता संपवला. मागच्या शेतवाल्यानं पलीकडच्या बसरस्त्यावरून आत येत तेच केलं. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. आमचं अमुदा नगर, विकणाऱ्याच्या मुलीच्या नावाचं. मागचं राजम नगर, तिकडच्या विकणाऱ्याच्या आईच्या नावाचं. दोन्ही रस्ते समोरासमोर येऊन थांबले होते आणि त्यांच्या मधे पाठीला पाठ लावून दोन घरं उभी होती. त्यातलं अलीकडचं आमचं. बाकी सगळ्या हद्दीला वेडी बाभूळ आणि सांडपाण्याचा नाला. जुन्या गल्ल्या बोळकांड्यांसारख्या होत्या, पण प्रत्येक गल्ली दुसरीला ओळखत होती. इथे दोन लॉऱ्या शेजारून जातील एवढे रस्ते, आणि कोणी कोणाचं नाही. आता मी पुण्यात ज्या सोसायटीत राहते तिथे गेटवर वॉचमन माझ्याच पाहुण्यांची नावं लिहून घेतो, त्यामुळे आमच्या अमुदा नगराला मी फार हसत नाही.

रस्ता सरळ येऊन आमच्या दाराशी संपतो, याचं अप्पांना आधी कौतुकच होतं. गवंड्यानं पाया खणतानाच सांगितलं होतं, "सार, हा तेरुकुत्तु आहे." तेरु म्हणजे रस्ता आणि कुत्तु म्हणजे भोसकणं. सरळ आलेला रस्ता ज्या घराच्या छातीवर थांबतो त्या घराला तो भोसकतो, आणि त्या घरात काही धड होत नाही, असं आमच्याकडे लहान पोरही सांगेल. अप्पा हसले. मग बोअरची मोटार जळली. मग ते पायरीवरून घसरले आणि मनगट मोडलं. मग कचेरीत बदलीची आवई उठली. अप्पा हसायचे थांबले. एका शुक्रवारी पुढच्या कंपौंडात रस्त्याच्या बरोबर समोर कोनाडा केला आणि त्यात काळ्या दगडाचा वीतभर पिळ्ळैयार, म्हणजे आपला गणपती, बसवला. रस्ता देवाशी थांबला म्हणजे आपल्यापर्यंत येत नाही. अम्मा रोज त्याला दूर्वा वाहायची आणि तिथेच उभी राहून रस्त्याकडे बघायची. रस्त्यावर बघायला काय होतं? एक कुत्रं, आणि कधीमधी सिलिंडरची गाडी. जी बाई बसल्या जागी गाव चालवत होती ती आता दुपारी तीनदा केर काढायची. घरात केर कोण करणार होतं?

मी तर पिंजऱ्यातल्या पोपटाहून वाईट. गावातल्या मुलींच्या कॉलेजात मी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजची बस जायची राजम नगराच्या पलीकडच्या बसरस्त्यावरून. आमच्या न्हाणीघरात अंग पुसताना मला कंडक्टरची शिट्टी ऐकू यायची, एवढी ती जवळ. पण तिथे पोचायचं कसं? आधी उलट दिशेला हमरस्त्यापर्यंत, मग बंद पडलेल्या राइसमिलवरून, वीटभट्टीवरून मोठा वळसा घालून राजम नगराच्या कमानीशी, तिथे चहाच्या टपरीमागे सायकल लावायची आणि मग बस. शिट्टी ऐकून निघावं तर बस कॉलेजात पोचेपर्यंत मी वीटभट्टीशी. त्या वळशाचा मला इतका राग यायचा की मी सायकलवर एकटीच मोठ्यानं भांडत जायची, कमानीशी, बाभळीशी, त्या अमुदा नावाच्या न पाहिलेल्या मुलीशी.

प्रॅक्टिकलच्या दिवशी परतताना अंधारायला लागायचं. एकदा राइसमिलसमोर सायकलची साखळी निघाली. मोपेडवरचे दोघे थांबले, मदत करू का म्हणाले, आणि मदत न करता बराच वेळ शेजारी उभे राहिले. एवढंच झालं. मी काळ्या हातांनी सायकल ढकलत घरी आले आणि झालं तेवढं सांगितलं. अप्पांनी हातातलं ताक खाली ठेवलं. "पुढच्या वर्षापासून कॉलेज नको. घरूनच शीक, टपालानें." मी म्हटलं, "केमिस्ट्री टपालानें येत नाहीं, अप्पा." "मग जें टपालानें येतें तें शीक." अम्मा मधे पडली, दोन दिवस भांडली, आणि तिला एवढंच मिळालं, की या वर्षाची परीक्षा सगळी नीट पार पडली तर तिसऱ्या वर्षाचं बघू. एक जरी पेपर, एक जरी प्रॅक्टिकल चुकलं, तर कुंभकोणमहून आलेल्या स्थळाला होकार कळवायचा. मुलगा वाईट नव्हता म्हणे. असेल. मी त्याचा फोटोसुद्धा उलटा करून ठेवला होता.

त्याच सुमाराला भिंत बोलायला लागली. अम्मा मागच्या भिंतीलगत रगड्यावर पीठ वाटत होती. पलीकडून शिलाईमशीनचा आवाज रोजच यायचा. त्या दिवशी मशीन थांबलं आणि एक बाई हाताखालच्या मुलीवर कडाडली, "काजा नीट कर गे! डोळे कोठें ठेविलेस?" अम्माचा हात वरवंट्यावर तसाच राहिला. तमिळ मुलखाच्या या टोकाला, बाभळीच्या आणि चिखलाच्या पलीकडून, कोणीतरी मराठीत रागावत होतं. ती उठून भिंतीला तोंड लावून म्हणाली, "कोण तें? आपले कां?" पलीकडून आवाज आला, "अय्यो! तुम्हीं रायर घरचे-आ?" तंजावूरकडे आम्हा मराठी ब्राह्मणांना रायर म्हणतात. बोलणाऱ्या त्या तुळजाबाई. त्यांचा नवरा गावातल्या दुकानात शिंपीकाम करायचा, त्याला सगळे मास्टर म्हणत, आणि त्या घरी बसून ब्लाउज शिवत. त्यांचे कोणी पूर्वज राजवाड्यातले अंगरखे शिवायला म्हणून आले आणि राहिले. त्यांची मराठी आमच्याहून वेगळी, निम्मी तमिळ, पण रागावताना शुद्ध. भिंतीवर अप्पांनी स्वतः उभं राहून बाटल्यांच्या काचा बसवून घेतल्या होत्या, त्यामुळे या दोघींना एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं. तोंड न बघता त्या रोज बोलायच्या. तुळजाबाई काठीच्या आकड्याला शेवग्याच्या शेंगांची जुडी अडकवून वरून सोडायच्या. शिजवलेलं कधी पाठवलं नाही. रायर घरात आपलं शिजवलेलं चालणार नाही हे त्यांना न सांगता ठाऊक होतं. अम्मानं मात्र त्यांना वांगीभात पाठवला, आणि तो पडून डबा फुटला नाही याचा आनंद दोन्हीकडे ऐकू आला.

अम्माच्या डोक्यात दाराची गोष्ट आली ती तेव्हा. एका रात्री जेवण वाढता वाढता ती म्हणाली, "अहो, रस्ता टोंचतो कां, ठाऊक आहे? त्याला पुढें जायचें असतें. जाऊं द्या त्याला."

"माझ्या घरांतून?"

"घराच्या बाजूनें. मागच्या भिंतीला एक लहान दार. पोरगी पांच मिनिटांत बसवर."

"आज ही चपला हातांत घेऊन जाईल. उद्यां शेजारीण जाईल, परवां दूधवाल्याची सायकल, तेरवां मोपेड. मग एक दिवस कोर्टांत उभे राहून सांगतील, हा रस्ता आमचा. कचेरींत मीं असलीं घरें रोज बुडतांना बघतों आहें."

"अन् लेक घरांत बुडाली तर चालेल?"

अप्पा ताटावरून उठले. मी तेव्हा त्यांच्यावर जळत होते, पण खरं सांगायचं तर कायद्यापुरतं ते काही खोटं बोलत नव्हते.

प्रॅक्टिकल परीक्षेची सकाळ उजाडली ती गोंगाटानं. कावेरीला पाणी सोडत नाहीत म्हणून शेतकऱ्यांनी हमरस्ता अडवला होता. शेतं तडकली होती, त्यांचंही बरोबरच होतं. पण आमच्या नगराला तोंड एकच, आणि त्या तोंडात बैलगाड्या आणि नारळीचे ओंडके. पोलिसांनी कमानीतच दोर बांधला होता, पायी माणसालाही सोडत नव्हते. अप्पा स्कूटर घेऊन गेले आणि तसेच परत आले. स्कूटर लावता लावता म्हणाले, "एक म्हातारा मला म्हणाला, आम्हांला पाणी नाहीं, तुम्हांला वाट नाहीं, आतां कळेल." एवढं बोलून ते पायरीवर बसले.

मी घराच्या बाजूच्या त्या चिंचोळ्या पट्टीत येरझारा घालत होते, पुढच्या गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत आणि परत. हाफसाडीला इस्त्री केलेली, हातात हॉलतिकीट आणि रेकॉर्डबुक. बाहेरून परीक्षक यायचे होते, एकदा चुकलं की वर्ष गेलं. कुंभकोणमच्या घराला म्हणे मोठी गच्ची होती. भिंतीपलीकडे शिट्टी वाजली. बस आली, थांबली, गेली. हमरस्ता बंद होता, पण तो बसरस्ता आतून गावात जायचा, त्याला कोणी अडवलं नव्हतं. मी भिंतीला कपाळ लावून रडायला लागले. दुःखानं नाही, संतापानं. अम्मा माझ्याकडे आली नाही. ती भिंतीकडे तोंड करून ओरडली, "तुळजाबाई! पुढची बस केव्हां?" पलीकडून उत्तर आलं, "अर्ध्या घंट्यानें, अक्का! पापाची परीक्षा कीं आज!" पापा म्हणजे पोर, म्हणजे मी. मला न बघता त्या बाईला माझ्या परीक्षेचा दिवस पाठ होता.

अप्पा पायरीवरून उठले ते मी पाहिलं नाही. मला ऐकू आला तो लोखंडाचा आवाज. केळीशेजारची पहार घेऊन ते रगड्यावर चढले होते, कचेरीचं धोतर वर खोचून, आणि ज्या काचा त्यांनी एकेक निवडून बसवल्या होत्या त्या फोडत होते. हिरव्या, तपकिरी, एक निळी. तळहात कापला, तो धोतराला पुसला आणि पुन्हा ठोकायला लागले. अम्मानं तांदळाची दोन गोणपाटं आणून भिंतीवर टाकली. अप्पा खाली उतरले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "चढ. दगड हालत नाहीं, धरायला नको." तरी रगडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

भिंतीवर बसून मी पहिल्यांदा तुळजाबाईंना पाहिलं. आवाजावरून मी चांगली धिप्पाड बाई कल्पिली होती. खाली उभी होती ती माझ्या खांद्याएवढी बाई, गळ्यात टेप, तोंडात दोरा. त्यांनी आणि मास्टरांनी कापडं बेतायचं टेबल भिंतीला लावून धरलं होतं. "पाय येथें ठेव गे. भिऊं नको, चाळीस वर्षांचें टेबल आहे." मी उतरले आणि विचार न करता चपला हातात घेतल्या. हात गेलाच तिकडे. तुळजाबाई दोरा थुंकून हसल्या. "राजवाड्याकडचे तुम्हीं! घाल तीं पायांत, बस जाईल!" त्यांच्या घराच्या बाजूनं मी धावत सुटले. पुढच्या गेटशी मात्र एक क्षण थांबले. त्यांच्याही कंपौंडात, त्यांच्या रस्त्यासमोर, एक कोनाडा होता आणि त्यात वीतभर पिळ्ळैयार. तोही रस्ता अडवून बसला होता. मी हात जोडले, आणि शिट्टी वाजायच्या आत बसमध्ये चढले. माझ्या वाट्याच्या क्षारात बेरियम होतं. ज्योत हिरवी झाली तेव्हा मला त्या बाटलीच्या काचा आठवल्या आणि हसू आलं, आणि परीक्षकांना वाटलं मी त्यांना हसले.

संध्याकाळी मी राजम नगराच्या बाजूनं आले, टेबलावर चढायच्या तयारीनं. चढावं लागलं नाही. भिंतीला माणूस वाकून जाईल एवढं भोक पडलं होतं. भोकापलीकडे अप्पा स्टुलावर बसले होते, केसांत विटेची भुकटी, हाताला पट्टी. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "भिंत कच्ची होती. काच काढतांना वीट निघाली." त्या भिंतीवर त्यांनी उभ्या उन्हाळ्यात स्वतः पाणी मारलं होतं, त्या नगरात तिच्याहून पक्की भिंत नव्हती. मागे अम्मा तोंडाला पदर लावून उभी होती. मी म्हटलं, "होय, अप्पा, कच्चीच होती," आणि वाकून घरात आले.

दाराच्या वाटाघाटी मात्र त्यांनी कचेरीसारख्या केल्या. ते भोकाच्या अलीकडे, मास्टर पलीकडे, मधे अम्माची कॉफी. शेवटी ठरलं असं, की दार बसवायचं आणि त्याला दोन बोल्ट लावायचे, एक आमच्या बाजूनं, एक त्यांच्या. दोघांच्या मर्जीनं उघडेल, म्हणून वहिवाट कोणाचीच होणार नाही. जाणार फक्त वैजू, म्हणजे मी, सकाळी आणि संध्याकाळी. दिवेलागणीनंतर दोन्ही बोल्ट बंद. त्याच दिवशी तुळजाबाई दारातून पहिल्यांदा आमच्या घरात आल्या. अम्मानं त्यांना कॉफी दिली ती वेगळ्या पेल्यात. त्यांनी तो पेला धुऊन पालथा घातला. तो वेगळा पेला पुढे कधी नाहीसा झाला ते मला आठवत नाही, पण झाला.

अप्पांचा नियम अमुदा नगरातल्या आमच्या शेजारणीचे दिवस भरेपर्यंत टिकला. राजम नगरात नर्सबाई राहायच्या, आणि कळा देत असलेल्या बाईला वीटभट्टीवरून कोण नेणार? ती आमच्या दारानं गेली. नंतर तिची सासू बाळंतिणीचा डबा घेऊन. नंतर फुलवाली, नंतर ट्यूशनची मुलं, नंतर अमुदा नगरातला ज्याला ज्याला बस पकडायची तो. अम्मा पालेभाजी घेऊन त्या पट्टीत बसायला लागली आणि महिन्याभरात दोन्ही नगरांतली स्थळं जुळवायला लागली. केर पुन्हा दिवसातून एकदाच निघायला लागला. अप्पा खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर कुरकुरायचे. "रस्ता झाला माझ्या घराचा, रस्ता." पण एखादा नेहमीचा माणूस दिसला नाही तर तेच विचारायचे, आज आला नाहीं कां तो? परवा मी फोनवरच्या नकाशात आमचं घर शोधलं. अमुदा नगराचा रस्ता आमच्या गेटशी येतो, आणि तिथून एक बारीक राखाडी रेघ आमच्या कोल्लैतून, तुळजाबाईंच्या कोल्लैतून आरपार जाऊन राजम नगराच्या रस्त्याला मिळते. जगाच्या नकाशावर आमचं घर रस्ता म्हणून लागलंय. अप्पांचा एकही अंदाज चुकला नव्हता.

मी तिसरं वर्ष केलं. मग बँकेची परीक्षा, मग पुण्यात नेमणूक. पुण्यातल्या लोकांनी माझ्या मराठीला हसून हसून मला देवनागरी लिहायला शिकवलं, ते वेगळं. निघायच्या दिवशी अम्मा म्हणाली, चांगल्या कामाला पुढच्या दारानं निघावं. अप्पा म्हणाले, "पुढच्या दारानें नीघ, पिळ्ळैयाराला नमस्कार कर, आणि बाजूनें मागें जा. बस तिकडे येते." त्यांनीच दोन्ही बॅगा घेतल्या. दाराशी आल्यावर बॅगा खाली ठेवून आमच्या बाजूचा बोल्ट उघडला आणि मला म्हणाले, "संध्याकाळीं लावूं नंतर." मी गेले.

रविवारी बूथवरून फोन करायची. एकदा अम्मा म्हणाली, "तुझे अप्पा मागचा बोल्ट लावीत नाहींत. चोर येईल म्हटलें तर म्हणतात, गंजला आहे, सरकत नाहीं." मी म्हटलं, मास्टरांना सांग, ठोकून देतील. ती म्हणाली, सांगितलं होतं, पण अप्पा हात लावू देत नाहीत, म्हणतात जास्त ठोकला तर तुटेल.

त्या वर्षी मी न कळवता आले. मद्रासहून रेल्वे पहाटे तंजावूरला लागली आणि पहिली बस मला राजम नगराशी सोडून गेली. अजून फटफटत होतं. तुळजाबाईंचं गेट नुसतं लोटलेलं होतं. मी चपला हातात घेतल्या आणि त्यांच्या घराच्या बाजूनं आत गेले. मधलं दार ढकललं, ते उघडलं. आमच्या कोल्लैत रगडा तिथेच होता, पट्टीत अप्पांची खुर्ची होती, घर झोपलेलं होतं. दार मागे लोटताना माझा हात बोल्टकडे गेला, गंजलेला बोल्ट कुठे अडतो ते बघावं म्हणून. मी तो एका बोटानं ढकलला. काही आवाज न करता तो शेवटपर्यंत सरकला, आणि बोटाला शिलाईमशीनच्या तेलाचा वास आला. मी तो हळूच मागे घेतला, होता तसा उघडा ठेवला, आणि अप्पांना उठवायला आत गेले.